वाटाड्याचे ऋण

व्यापाराच्या कोणत्याही शाखेत मध्यस्थाचे स्थान मोठे असते. माल कोठे पिकतो हे त्याला ठाऊक असते आणि ग्राहकाला कशाची गरज आहे हेही तो जाणतो. प्रामाणिक अडत्या दोघांचे हित साधतो व आपली अडत घेऊन बाजूला होतो. लबाड अडत्या दोघांनाही बुडवितो. आपल्या संघाच्या सभासदांना हे नव्याने सांगण्याचे कारण नाही. परंतु अलीकडे एका निराळ्याच प्रकारचे मध्यस्थ समाजात वावरू लागले आहेत आणि त्यांच्याविषयी आपण कोणती भूमिका घ्यावी, हे अद्याप निश्चित झालेले दिसत नाही. थकलेल्या, चिंताग्रस्त, झोप हरवलेल्या माणसांना रानात, टेकडीवर, नदीकाठी घेऊन जाणारे आणि तेथे त्यांना स्वास्थ्याचा मार्ग दाखविणारे हे लोक होत. कोणी त्यांना निसर्गोपचारक म्हणतात, कोणी वनमार्गदर्शक म्हणतात. मला आपला जुना ‘वाटाड्या’ हा शब्दच अधिक समर्पक वाटतो.

या वाटाड्यांकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आपल्या मंडळींत आढळतात. एक दृष्टी उपहासाची. ‘झाडे पाहावयास का पैसे पडतात? आमचे आजोबा रोज शेतावर जात, त्यांना कोणी मार्गदर्शक लागला नाही,’ असे म्हणून ही मंडळी विषय संपवितात. दुसरी दृष्टी अंधश्रद्धेची. कोणी सुंदर छायाचित्रांची पुस्तिका पुढे ठेवली, ‘सात दिवसांत मधुमेह नाहीसा’ असे सांगितले की ही मंडळी थैली मोकळी करतात. माझ्या मते दोन्ही दृष्टी सदोष आहेत. वाटाड्याचे काम जुने आहे, प्रतिष्ठेचे आहे आणि आजच्या काळी आवश्यकही आहे. परंतु त्याची पारख आपण मालाची करतो तितक्याच दक्षतेने झाली पाहिजे. हे मत सकारण मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम आपल्या स्थितीचा विचार करू. पूर्वीचा व्यापारी बैठा नव्हता. आठवड्याच्या बाजारासाठी तो गावोगाव जाई. घाटाखाली कोकणात आणि गोव्यात बैलांच्या तांड्यांबरोबर उतरे. कापूस, गूळ, मिरची पाहण्यासाठी शेताच्या बांधावर उभा राही. त्याच्या व्यापाराबरोबरच त्याला ऊन, वारा आणि चालणे मिळत असे. आज आपण गादीवरून उठतो ते मोटारीत बसण्यासाठी आणि मोटारीतून उतरतो ते पुन्हा गादीवर बसण्यासाठी. भाव दूरध्वनीवर कळतात, नमुने टपालाने येतात, देणेघेणे बोटाच्या टोकाने होते. सोय झाली यात संशय नाही. पण शरीराचे खाते मात्र उलटे पडत गेले. साखर, रक्तदाब, गुडघे व निद्रानाश ही चार नावे आता आपल्या प्रत्येक घरात घरच्यासारखी राहू लागली आहेत. आजोबांना वाटाड्या लागला नाही हे खरे. परंतु आजोबा ज्या वाटेवर होते ती वाटच आपण सोडली आहे. वाट सोडलेल्या माणसाला वाटाड्या लागतो, यात उपहासास्पद काय आहे?

आपल्या देशात या कार्याला आधुनिक काळी जी प्रतिष्ठा मिळाली, तिच्या मुळाशी महात्मा गांधी आहेत. लुई कूने आणि अडॉल्फ यूस्ट या जर्मन निसर्गोपचारकांची पुस्तके त्यांनी वाचली होती आणि माती, पाणी, ऊन व मिताहार यांचे प्रयोग स्वतःवर आणि कुटुंबीयांवर केले होते. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र होते. त्याच्याशी गांधीजींचा निकट संबंध आला. त्या केंद्राला गोरगरिबांसाठी संस्थेचे रूप द्यावे, अशी योजना आखली गेली. परंतु अल्पकाळातच गांधीजींना आपली चूक उमगली. गरीब जनता खेड्यात आणि तिच्यासाठीची संस्था शहरात, हा विचारच फसवा असल्याचे त्यांनी उघडपणे मान्य केले व मार्च १९४६ मध्ये ते पुण्याच्या पूर्वेस असलेल्या उरुळी कांचन या गावी येऊन राहिले. तेथे त्यांनी शेकडो ग्रामस्थांना तपासले. त्यांचे उपचार पाहिले तर आश्चर्य वाटते: सूर्यस्नान, कटिस्नान, मातीची पट्टी, साधा आहार, स्वच्छता आणि ईश्वराचे नाव. ज्याला पैसे पडतील असे त्यात जवळजवळ काहीच नव्हते.

गांधीजी तेथे थोडे दिवसच होते. पण त्यांच्यामागे जे राहिले त्यांची कथा अधिक बोधप्रद आहे. मणिभाई देसाई हे गुजरातचे तरुण कार्यकर्ते उरुळीस राहिले ते कायमचेच. आश्रम चालविताना त्यांच्या ध्यानात आले की, ज्या गावाची जमीन उजाड, गुरे निकृष्ट आणि पाणी तुटपुंजे, त्या गावाचे आरोग्य केवळ माती-पाण्याच्या पट्ट्यांनी सुधारणार नाही. म्हणून त्यांनी शेती, गोपालन व वृक्षारोपण यांत लक्ष घातले. १९६७ साली त्यांनी भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन ही संस्था स्थापिली, १९८२ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि १९९३ साली ते निवर्तले. माणसाला निसर्गाकडे नेणाऱ्याने निसर्गाचीही काळजी वाहिली पाहिजे, हा धडा मणिभाईंनी आपल्या आयुष्याने दिला. माझ्या दृष्टीने वाटाड्याची ही पहिली कसोटी होय.

ग्रंथरूपाने वाट दाखविणारेही असतात. १९३२ साली सोलापूर येथे जन्मलेले मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यात सेवा केली, आदिवासी जनांकडून रानाची विद्या घेतली आणि ती मराठी वाचकांच्या हाती ठेवली. ज्यांनी आयुष्यात कधी अरण्य पाहिले नाही अशा सहस्रावधी वाचकांना पक्ष्यांची, वृक्षांची व वनवाटांची ओढ त्यांनी लावली. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आणि २०२५ साली पद्मश्री, असे सन्मान त्यांना लाभले व त्याच वर्षी जून महिन्यात त्यांचे निधन झाले. त्यांनी आपल्याला औषध दिले नाही. परंतु पाहावयास शिकविले. पाहावयास शिकलेल्या माणसाचे मन चिंतेपासून काही काळ तरी सुटते, हे ज्याने एखादा पक्षी शांतपणे न्याहाळला आहे त्याला सांगावे लागत नाही.

येथे हिशेबी वाचक विचारील, ‘ओढ लागली हे ठीक, पण जमेला काय?’ प्रश्न रास्त आहे. १९८२ साली जपानच्या वनविभागाने ‘शिनरिन-योकु’ हा शब्द प्रचारात आणला. त्याचा अर्थ वनस्नान. स्नान पाण्याचे नव्हे. अरण्याच्या वातावरणात सावकाश फिरणे, श्वास घेणे, ऐकणे, एवढेच. त्यानंतर त्या देशातील वैद्यकीय संशोधकांनी या विषयाचा पुष्कळ अभ्यास केला. १९८४ साली अमेरिकेतील रॉजर उल्‌रिच या संशोधकाने ‘सायन्स’ या नियतकालिकात एक लहानसा परंतु लक्षणीय अभ्यास प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्याने तपासल्या. त्यांपैकी २३ जणांच्या खिडकीतून झाडे दिसत. उरलेल्या २३ जणांना विटांची भिंत दिसे. झाडे पाहणारे रुग्ण शस्त्रक्रियेनंतर सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत पाहणारे ८.७० दिवसांत. झाडे पाहणाऱ्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. २०१९ साली इंग्लंडमधील सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून किमान १२० मिनिटे निसर्गात घालविणाऱ्यांत आपली प्रकृती व मनःस्थिती चांगली असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण, मुळीच न जाणाऱ्यांपेक्षा अधिक आढळले. ही मिनिटे एकाच वेळी घालविली काय आणि थोडी थोडी करून घालविली काय, फलात फरक दिसला नाही.

मात्र आकडा जेवढे सांगतो तेवढेच त्याच्याकडून घ्यावे. ४६ रुग्ण म्हणजे सारे जग नव्हे. इंग्लंडच्या अभ्यासातही, प्रकृती चांगली असल्यामुळेच काही लोक बाहेर पडत असतील, ही शक्यता उरतेच. झाडांच्या सान्निध्याने मन निवते, चालण्याने शरीर सुधारते आणि रोग्यास बरे होण्यास साहाय्य होते, इतके आपण विश्वासाने म्हणू शकतो. झाडांच्या सान्निध्याने कर्करोग जातो किंवा मधुमेहाची औषधे सोडता येतात, असे कोणी म्हणाला तर त्याच्या तराजूत खोट आहे असे समजावे. अशा दाव्यांच्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी आपल्या देशात औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ सालापासून आहे. वजनमापाचा कायदा आपण पाळतो व दुसऱ्याकडून पाळून घेतो. तीच जागरूकता येथेही हवी.

आता आपल्या धर्मदृष्टीने या प्रश्नाकडे पाहू. निसर्गाच्या सान्निध्याचे महत्त्व जैनांना परदेशातून शिकावे लागावे, ही मोठी नवलाची गोष्ट आहे. चोवीस तीर्थंकरांपैकी प्रत्येकाशी एकेक वृक्ष निगडित आहे. भगवान ऋषभदेवांना वटवृक्षाखाली आणि भगवान महावीरांना शालवृक्षाखाली केवलज्ञान झाले, असे आपली परंपरा सांगते. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती १२०४ साली उभी राहिली. तिच्या छतात कोरलेले पाषाणकमळ पाहण्यासाठी मान वर करावी लागते. आपल्याच जिल्ह्यातील भोज परिसरात १८७२ साली जन्मलेल्या आचार्य शांतिसागर महाराजांनी दक्षिणोत्तर भारत पायांनी तुडविला आणि १९५५ साली कुंथलगिरीवर देह ठेवला. पायी विहार करणारा मुनी हाच आपल्या समाजाचा आद्य वाटाड्या होय.

परंतु येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात ठेवला पाहिजे, नाहीतर आपण स्वतःचीच फसवणूक करू. मुनी ईर्यासमिती पाळतात. दिवसाउजेडी, चार हात पुढची भूमी पाहत, सावकाश पाऊल टाकतात. वनस्नानाचा मार्गदर्शकही ‘सावकाश चाला, पायाखाली पाहा, बोलू नका’ असेच सांगतो. बाहेरून दोन्ही क्रिया सारख्या दिसतात. तथापि मुनींचे ते चालणे स्वतःच्या आरोग्यासाठी नसते. पायाखालील जीव वाचावा, यासाठी ते असते. पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू व वनस्पती यांतही जीव आहे असे मानणाऱ्या आपल्या समाजाने अरण्याकडे केवळ औषधांचे दुकान म्हणून पाहणे शोभणार नाही. ‘मला काय मिळेल?’ एवढाच प्रश्न घेऊन रानात गेलो तर आपण तेथेही दुकानच मांडले असे होईल. आणि नवल असे की, ज्याचे लक्ष स्वतःच्या दुखण्यावरून निघून पायाखालच्या मुंगीकडे जाते, त्याचेच दुखणे अधिक लवकर हलके होते. दयेतून चालणाऱ्यास आरोग्य आपोआप लाभते. ते मागणाऱ्यास मिळेलच असे नाही.

याच कारणाने माझे असे स्पष्ट मत आहे की, पावसाळ्याचे चार महिने अशा वनयात्रा आपण काढू नयेत. घाटातील धबधबे पाहण्यासाठी त्याच दिवसांत झुंबड उडते, हे मी जाणतो. परंतु भूमी जीवांनी भरलेली असते म्हणूनच साधू-साध्वी चातुर्मासात एका ठिकाणी राहतात. ज्या दिवसांत आपले गुरू पाऊल आवरतात त्या दिवसांत आपण मोटारींचे ताफे घेऊन रान तुडवावे, हे विसंगत होय.

दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराचा सौम्य झटका आल्यानंतर डॉक्टरांच्या अनुज्ञेने मी प्रथम एका प्रसिद्ध निवासस्थानात चार दिवस राहून आलो. खोल्या उत्तम होत्या, आहारही सात्त्विक होता. पण रानात ध्वनिक्षेपकावर बासरी वाजत होती आणि तिच्यामुळे पक्षी ऐकू येत नव्हते. पुढे हिवाळ्यात एका स्नेह्याच्या ओळखीने खानापूर तालुक्यातील एका गावच्या वयस्क गृहस्थांबरोबर गावाच्या कडेच्या रानात गेलो. ते फारसे बोलले नाहीत. ऐन कोणता, किंजळ कोणता, हिरडा कोणता हे त्यांनी सालीला हात न लावता दाखविले. एका ओढ्याशी शीळकरी कस्तूर गात होता. तो थांबेपर्यंत त्यांनी आम्हांला उभे केले. माझा श्वास भरून येतो आहे हे माझ्या आधी त्यांच्या ध्यानात आले व त्यांनी तेथूनच परत फिरविले. ‘आज एवढेच पुरे, शेटजी. रान कुठं जात नाही,’ असे ते म्हणाले. परतल्यावर मी त्यांना विचारले, ‘निवासस्थानांचे लोक तुम्हांला बोलावतात का?’ ते म्हणाले, ‘बोलावतात. माणसामागं ते काय घेतात ते मला ठाऊक नाही. मला दिवसाची मजुरी मिळते.’

हे वाक्य व्यापारी म्हणून मला बोचले. ज्याच्या ज्ञानावर सारा व्यवहार उभा आहे त्याच्या पदरी सर्वांत थोडे पडावे, याला आपण आपल्या भाषेत काय म्हणतो? मध्यस्थाचा मध्यस्थ मोठा झाला आणि मूळ धनी रिकामा राहिला. खानापूरच्या रानांत म्हादईचा उगम आहे, भीमगडचे अभयारण्य आहे. या रानाची खडान्‌खडा माहिती असणारी माणसे त्याच्या कडेच्या गावांतून राहतात. त्यांचे ज्ञान हे त्यांचे भांडवल आहे आणि भांडवलाला योग्य मोबदला मिळालाच पाहिजे. तो मिळाला तर त्या माणसांची मुलेही हे ज्ञान जतन करतील. न मिळाला तर ती शहरात मजुरीस जातील आणि पुढील पिढीस वाट दाखविणारा कोणी उरणार नाही.

आणखी एक अप्रिय गोष्ट लिहिणे भाग आहे. आपल्या आचारग्रंथांत श्रावकाने टाळावयाचे पंधरा व्यवसाय सांगितले आहेत. त्या पंधरा कर्मादानांत अंगारकर्म म्हणजे कोळसा पाडण्याचा धंदा आणि वनकर्म म्हणजे झाडे तोडून उपजीविका करणे, यांचा समावेश आहे. विनाकारण झाडे तोडणे, जमीन खणणे, पाणी सांडणे यांस प्रमादचर्या म्हटले आहे व तो अनर्थदंड मानला आहे. आपल्यापैकी किती जणांच्या संपत्तीत लाकडाचा, भूखंडांचा किंवा टेकड्या फोडण्याचा वाटा आहे, याचा प्रत्येकाने स्वतःशी विचार करावा. मी स्वतः त्यातून सुटलेलो नाही. माझ्या वडिलांची पहिली वखार लाकडाचीच होती. एका हाताने रान तोडावयाचे आणि दुसऱ्या हाताने उरलेल्या रानात आरोग्य विकत घ्यावयाचे, ही नोंद कोणत्याही वहीत जुळणार नाही.

म्हणून संघापुढे मी तीन सूचना ठेवतो. पहिली अशी की, आपल्या आरोग्य निधीतून कार्तिकी पौर्णिमेपासून उन्हाळा कडक होईपर्यंत दर महिन्यास एक वनफेरी काढावी. मंडळी वीसहून अधिक नसावीत. वनखात्याची जेथे अनुज्ञा लागते तेथे ती घ्यावी. वाटाड्या त्या गावचाच असावा आणि त्याचा मोबदला त्याच्याच हाती, आधी ठरवून, पूर्ण द्यावा. भोजन सूर्यास्तापूर्वी व्हावे आणि एक पानही तोडले जाऊ नये. हृदयरोग, मधुमेह असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांस विचारूनच यावे व औषधे सोबत ठेवावीत.

दुसरी सूचना मुलांविषयी. सुट्टीत त्यांना परदेशी नेणाऱ्या पालकांनी दोन दिवस तरी त्यांना या वाटाड्यांच्या स्वाधीन करावे. मुलाला दहा झाडांची नावे आली तर त्याचे काही बिघडणार नाही. आणि ज्याचे नाव ठाऊक आहे ते तोडताना हात जरा अडखळतो.

तिसरी सूचना काहींना रुचणार नाही. संघाच्या सभागृहामागील मोकळ्या जागेत वाहनतळ करण्याचा प्रस्ताव येत्या वार्षिक सभेपुढे येणार आहे. त्या जागेत एक जुनी चिंच व दोन कडुनिंब आहेत. वाहनांची अडचण खरी आहे. मीही मोटारीनेच येतो. परंतु ज्यांना रानापर्यंत जाता येत नाही असे आपले वृद्ध सभासद, सकाळच्या दवाखान्यात येणारे रुग्ण आणि बाळंतिणींना भेटावयास आलेले आप्तजन त्याच सावलीत बसतात. त्यांच्या दृष्टीपुढे झाडे असावीत की भिंत, हा निर्णय आपण घेणार आहोत. मी त्या प्रस्तावाच्या विरुद्ध मत देणार आहे आणि सभासदांनीही तसेच द्यावे, अशी माझी विनंती आहे. त्याऐवजी झाडांभोवती पार बांधावा, पाण्याची सोय करावी आणि मोटारी चौकात उभ्या करून आपण शंभर पावले चालावीत.

वाटाड्याचे ऋण पैशाने सर्वस्वी फिटत नाही. त्याने दाखविलेली वाट आपण मोडू दिली नाही, पुढील माणसासाठी ती तशीच राखली, म्हणजे ते फिटते. आपल्या वाडवडिलांनी घेतलेले प्रत्येक कर्ज व्याजासह परत करून पेढीचे नाव राखले. हेही कर्जच आहे. मुदत टळण्यापूर्वी ते फेडावे, इतकेच सांगणे.

जय जिनेंद्र.